पाटीवर पाटी

मी, या दुमजली इमारतीची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. थोरल्याने तरी शंका काढलीच, तर ती त्याची जुनी सवय समजावी.

१. इमारत यजमानांनी कर वाचवायला माझ्या नावावर केली. अख्ख्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेली मेहेरबानी एवढीच, आणि तीही नकळत.

२. वरचा मजला थोरल्याला. मी इस्पितळात असताना त्याने बिल्डरला आणून गच्चीपर्यंत मोजमापे घेतली. मात्र खालच्या मालकाच्या सहीशिवाय इमारत पाडता येणार नाही. वकिलांना विचारून घेतले आहे.

३. खालचे दुकान धाकट्या सुनेला, पूर्ण मालकीने. ती स्वयंपाकघरात मशीन टाकून कपडे शिवते. धाकटा म्हणतो, "दुकान कशाला हवंय? घरात बसून कर की!" बाप गेला, पण त्याचे वाक्य वारशाने राहिले. धाकट्याला वेगळे काही नाही. दुकानात यायचे तर बायकोला विचारून यावे.

४. दुकानात आज मोबाइलवाला आहे. त्याआधी कुरिअर, त्याआधी कॅसेटवाला, त्याआधी टायपिंगचे क्लास. भिंतीचा गिलावा भुसभुशीत. पाटी काढली की तो ढासळायचा आणि डागडुजी यजमान भाडेकरूच्या गळ्यात मारायचे. म्हणून जो आला त्याने जुन्या पाटीवरच आपली ठोकली.

मोबाइलवाल्याचा करार संपला की सुताराकडून एकेक पाटी उतरवावी. टायपिंगच्या पाटीखाली माझी आहे. मुले म्हणतील, "आईचं कधी दुकान होतं?" होते. लग्नानंतर तिथे मी बायकांचे कपडे शिवत असे, आणि गिऱ्हाईक रांगेने बसत असे. टायपिंगवाला भाडे द्यायला तयार झाला आणि यजमानांनी माझे मशीन माळ्यावर टाकले. मला विचारलेदेखील नाही. तो राग अजून गेलेला नाही.

"वहिनी, हे बरं नाही झालं," एवढे म्हणणारे जिन्याखालचे घड्याळजी एकटेच निघाले. त्यांना काही ठेवणार होते. पण साक्षीदाराला देऊ नये, असे वकिलांचे मत पडले. घड्याळजी म्हणाले, "मग मला साक्षीदारच राहू द्या."

५. माळ्यावरचे मशीन सुनेला. तेल घातले की चालेल.

६. माझी पाटी काढू नये. सुनेने हवे तर त्यावर आपले नाव रंगवावे, पण दुसरी पाटी ठोकू नये.

ठिकाण: दुकानावरची खोली
तारीख: दाखल्यावरचीच

सही: मालकीण

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. घड्याळजी (माझी पाटी लावताना शिडी यांनीच धरली होती)