उसाच्या कडेची वाट

दादा,
अश्विनीचा नमस्कार.

तू शनिवारी मला कायमची मंचरला न्यायला येतो म्हणालास, आणि मी नको म्हणाले न्हाई. फौजेतून आल्यापासून हे दार लावूनच बसायचे. माझ्याशीपण बोलत नसत.

ओतूरला माजी सैनिकांचा संघ हाय. कुंडलिक सुभेदारांनी तो पेन्शनीच्या कामांसाठी काढला व्हता. उसात बिबटे वाढल्यापासून तीच माणसं वस्तीवरच्या पोरांना शाळेत पोचवतात. सोमवारी सुभेदार आमच्या दारात आले.

"भरत, माझं गुडघं आता चालंनात. उद्यापासून तुझी ड्युटी."

ह्यांनी दार लावून घेतलं. पण सकाळी बूट घातले, काठी घेतली आणि गेले.

परत आले ते माझ्याशेजारी ओट्यावर बसले. "पोरींनी मला गाणं म्हणायला लावलं."

"मग?"

"म्हटलं की, पलटणीतलं. आता रोज म्हणायचं, असं त्यांनी ठरवलंय." आणि हसले, दादा.

झोपेत अजून दचकतात, ते लपवत न्हाई. पण आता उठून माझ्याशी बोलतात.

हे पत्र धाडणार न्हाई. तुला वाटंल, मन मारून लिहिलंय. त्यापरीस फोनवर एवढंच सांगंन: शनिवारी लवकर निघ आणि शाळेच्या वाटेवर थांब. आधी त्यांचं गाणं ऐक, मग मला न्यायचं का ते सांग.

तुझी बहीण,
अश्विनी