एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या

६ ऑक्टोबर, सोमवार

पेटी लावली. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, वर फट, बाजूला कुलूप. सीताफळाचा गर काढायच्या शेडमध्ये, नळाशेजारी. मालक पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून एकच धोशा — बाया खुश तर माल जास्त. मला म्हणाले, "त्यांच्या मनात काय हाय ते काढा बाहेर. मॅनेजर कशाला हाय तुमी?"

सव्वीस बायांपुढे उभा राहून सांगितलं — नाव लिहू नका, काय सलतंय ते लिहा. कुणी लिहिलं ते कुणालाच कळणार नाही, हा माझा शब्द.

कडूबाई, सगळ्यांत जुनी, बसल्या जागेवरून हातातला गर काढायचा चमचा दाखवत म्हणाली, "अन् लिव्हायचं कशानं साहेब, चमच्यानं?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. संध्याकाळी पेटीला दोरीनं पेन बांधलं.

९ ऑक्टोबर

पेटी रिकामी.

११ ऑक्टोबर, शनिवार

नऊ चिठ्ठ्या. दार लावून वाचल्या. संडासाला आतून कडी नाही. गरानं बोटं काळी पडतात, हातमोजे द्या. जेवायची सुट्टी पुरत नाही. अशाच. आणि एक — "मॅनेजर साहेबाला तीन वर्षं झाले तरी आमचे नावं माहीत नाहीत. ए बाई, ए बाई करतात. शेळीलाबी नाव असतं."

ही चारदा वाचली.

नवाच्या नऊ एकाच अक्षरात. गोल, ठसठशीत. क्रेटच्या वहीत रोज हेच अक्षर बघतो. दीपमाला. बारावी झालेली, आलेला माल तीच मोजून लिहिते. म्हणजे चिठ्ठ्या नऊ, पण बाई एकच!

१३ ऑक्टोबर

मालकांना सांगितलं, बाकीच्यांची काही तक्रार नाही, एकटीच आग लावते आहे. त्यांनी नाव विचारलं. गप्प राहता आलं असतं. सांगितलं.

"उद्यापासनं नका येऊ म्हना तिला."

दुपारी मीच तिला बोलावलं. काम कमी झालंय, म्हणालो. ऐन हंगामात, बाहेर क्रेटची थप्पी लागलेली असताना. ती थप्पीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "हे काम हाय म्हनून औंदा ऊसतोडीला जायचं न्हाई ठरवलंय आमी. पोरगी धाव्वीला हाय साहेब."

बघू, म्हणालो. काय बघणार होतो?

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस शेडमध्ये चमच्यांचा आवाज तेवढा. कडूबाईला नळाशी गाठलं. सगळ्या अशा गप्प का, विचारलं.

"तिला काहून काढलं, ते सांगा आदी."

मी म्हणालो, नवाच्या नऊ चिठ्ठ्या तिच्याच होत्या.

"तिच्या? आमाला कुठं येतंय लिव्हाया? कडीची सुभद्राबाईची. मोज्याची तुळजाबाईची. जेवायच्या सुट्टीत एकेकीला क्रेटाआड घेऊन बसायची, आमी सांगायचं, तिनं लिव्हायचं. सोताची एकबी न्हाई टाकली. म्हनली, मला कायी तरास न्हाई, काम हाय तेवढं बास."

आणि नावाची?

"ती माजी," कडूबाई म्हणाली. नजर खाली न घालता.

हजेरीच्या वहीत अंगठे कोण घेतं? मीच. दर आठवड्याला शाईचा डबा पुढे करतो, सव्वीसांतल्या वीसजणी अंगठा उठवतात. तरी पेटीला पेन बांधून ठेवलं होतं, आणि त्याचं कौतुकही वाटलं होतं.

१६ ऑक्टोबर

खरं इथे तरी लिहावं. कडी, मोजे, सुट्टी — एवढंच असतं तर मालकांपुढे नाव घेतलं नसतं. ती एक चिठ्ठी झोंबली म्हणून घेतलं. आणि ती तिची नव्हतीच.

मालकांकडे जायला हवं.

१८ ऑक्टोबर

गेलो नाही. पाहुणे होते त्यांच्याकडे.

२१ ऑक्टोबर

गेलो नाही. दिवाळी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं. सगळं, माझ्या झोंबण्यासकट. वाटलं होतं भडकतील. तसं काही झालं नाही. पान लावता लावता म्हणाले, "मंग आना की परत. तशाबी बाया तोंड पाडून बसल्यात, माल निघंना झालाय." एवढंच होतं ते. पाच मिनिटांचं काम. नऊ दिवस घेतले मी.

घरी येताना हलकं वाटलं. त्याचीही लाज वाटते आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कपिलधारच्या वाटेवरची दीपमालाची वस्ती. घराला कुलूप. शेजारची म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. "गेले की ऊसतोडीच्या टोळीसंगं. परवा भाऊबीजेला सांजच्याला टॅक्टर आलता. पोरगीबी नेली, धाकट्याला कोन सांभाळनार? पाडव्यापस्तोर थांबली व्हती ती, कंपनीतून कुनी बोलवाया येतं का म्हनून."