कार्ब्युरेटरचा स्क्रू

अहो,

तुम्ही गेल्यापासून बंद असलेलं गॅरेज काल तुमच्या मित्राने उघडायला लावलं. तुम्ही दोघांनी बांधलेली ड्रॅग रेसची, सरळ रस्त्यावर सुसाट पळवायची गाडी त्याला हवी होती. त्याने ती सुरू केली, इंजिनाचा आवाज जुळवायला कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवला आणि म्हणाला, "ऐका वहिनी, त्याला हाच आवाज हवा होता!" त्याचे डोळे भरून आले.

माझा मात्र जळफळाट झाला. तुम्हाला हवं ते त्याला ऐकू येत होतं, मला नुसता गोंगाट.

"गाडी देणार नाही."

"मग चालवणार कोण?"

"ते बघू. आधी तो स्क्रू परत बिघडवा, भावजी. मी लावते."

संध्याकाळपर्यंत मला आवाज जुळवता आला नाही. तुमचा मित्र मला एकदाही हसला नाही, याचाच जास्त राग आला.

अजूनही तुमचीच,
मी