हलकी रायफल

गुंगालिन,
१४ एप्रिल २०२४

प्रिय यतिनदादा, सा. न.

कानातलं नवं मशीन कसं आहे? पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याने तुझे कान खाल्ले आणि मला या वयात पत्रलेखन शिकवलं. फोनवर तू सगळ्यालाच हो हो म्हणतोस!

मुद्द्याचं सांगतो. मागच्या महिन्यात ब्रेडवुडजवळ, ग्रेगच्या फार्मवर, हरणांमागे चढ चढताना माझ्या ऑपरेशन झालेल्या खांद्याने संप केला. जुनी रायफल लाकडी दस्त्याची, दुर्बीण धरून साडेचार किलो. दुकानात दोन हलक्या पाहून आलो. एक अडीच किलोच्या आत, नळी कार्बन फायबरची, साडेचार हजार डॉलर. दुसरी तीन किलोला जरा कमी, साधी स्टीलची नळी, सोळाशे. म्हणजे अर्ध्या किलोसाठी तीन हजार जास्त. दुकानदार म्हणतो, संध्याकाळी उतरताना हाच अर्धा किलो पाच किलोचा वाटतो. तू वीस वर्षं शिकार करतोयस, तूच सांग.

मिताली अजून ट्रुगानिनाला लेकीकडेच आहे. ओवीचं बाळ तीन महिन्यांचं झालं. पुण्यात आईला अजूनही वाटतं की आपण ब्रेडवुडला पक्षी बघायला जातो. तो समज तसाच राहू दे.

माया आहे ती वाढव.
तुझा,
श्रीनाथ

---

वॉलॉंगॉंग,
२८ एप्रिल २०२४

चि. श्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून नुपूर म्हणाली, भाऊजींना रायफल नको, जिम हवं. वहिनीचं मत तुला कळवायचं काम मी केलं.

आता माझं ऐक. रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त, आणि तो बसणार तुझ्या त्याच खांद्यावर. बारीक नळी लवकर तापते, तिसरी गोळी भलतीकडे जाते. अर्थात तीन गोळ्या झाडेपर्यंत कुठलं हरीण तुझ्यासाठी थांबणार आहे? उलट चालणं खरंच सोपं होतं, हेही खरं. पण तू वर्षातून जातोस किती दिवस? सहा. कार्बनवालीचे पैसे वसूल व्हायला तुला शंभरी गाठावी लागेल. सोळाशेवाली घे, दस्त्याला चांगलं रबर लाव, दुर्बीण छोटी बसव आणि उरलेल्यातून बूट घे. तुझे बूट बघून ग्रेगची कुत्रीसुद्धा हसतात.

मिताली आली की दोघं इकडे या. समुद्रावर बसू, मी मासे करीन.

आहेस तसाच राहा, आणि आमच्यावर जीव असू दे.
तुझा,
यतिनदादा

---

गुंगालिन,
७ जून २०२४

प्रिय दादा, सा. न.

उत्तराला उशीर झाला. रायफलचा विचार सोडला. तू म्हणतोस तसं तोलून पाहिलं. फायदा आहे, पण तो दहा-पंधरा वर्षं वापरली तर. मला तेवढं काही लागणार नाही. जुनीच पुरेल, फारसं चालायचंही नाहीये.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मिताली बाळासाठी गेली हे खरं, पण जाताना सांगून गेली की परत येणार नाही. फेब्रुवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेही कुणाला बोललो नाही. रोज सकाळी डबा घेऊन लाइट रेलने सिटीत जातो, लायब्ररीत बसतो आणि पाचला परततो. शेजाऱ्यांना वाटतं ऑफिस चालू आहे. हे फक्त तुला सांगतोय. कुणाला बोलू नकोस, मितालीला तर मुळीच नाही.

रविवारी सोळाला ग्रेगकडे एकटाच जाईन. तू येऊ नकोस. मांस आणायची बर्फाची पेटी, एस्की, नेत नाहीये, त्यामुळे तुझा वाटा या वेळी नाही. माझी रोपं नुपूरवहिनीला आवडायची, ती न्यायला सांग.

तू माझं खूप केलंस. सगळ्यांना नमस्कार.
श्रीनाथ

---

गुंगालिन,
१८ जून २०२४

यतिनदादा,

शुक्रवारी सकाळी तू दारात उभा राहिलास तेव्हा मला रडू आलं होतं. तीन तास गाडी चालवून आपला भाऊ आला, असं वाटलं. तुझ्यासाठी पिठलं-भात केला. तू दोनदा वाढून घेतलास. खिचडीत मीठ विसरणाऱ्या तुझ्या जुन्या रूममेटच्या, भास्करच्या गोष्टी सांगितल्यास, आणि कित्येक महिन्यांनी मी हसलो.

मग तीन वाजता तू उठून दाराकडे गेलास. बेल वाजायच्या आधी उठलास, दादा. तुला तर वाजलेली बेलही ऐकू येत नाही.

दोन पोलीस आत आले. फार सभ्य होते. त्यांनी तिजोरीतली रायफल नेली, लायसन्स निलंबित झाल्याचा कागद दिला. त्यांच्यातल्या बाईच्या हातात माझं पत्र होतं, इंग्लिशमध्ये. मी तुला मराठीत लिहिलेलं प्रत्येक वाक्य, अगदी रोपांचंसुद्धा. म्हणजे तू शांतपणे बसून त्याचं भाषांतर केलंस. आणि माझ्या घरी जेवताना तुला ठाऊक होतं की ते येणार आहेत.

त्याच संध्याकाळी मितालीचा फोन आला. तिलाही तूच सांगितलंस. मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे.

बावन्न वर्षांत मी एकाच माणसाला खरं बोललो. ते खरं तू पोलीस चौकीच्या काउंटरवर ठेवलंस. यापुढे पत्र लिहू नकोस.

श्रीनाथ

---

वॉलॉंगॉंग,
२४ जून २०२४

चि. श्रीनाथ यास आशीर्वाद.

नको म्हणालास तरी लिहितोय. न वाचता टाकलंस तरी चालेल.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फक्त रायफलचाच विचार करत होतो. बरं झालं, पैसे वाचले, असं नुपूरला म्हणालोही. मग तिने मला ते परत वाचायला लावलं, मोठ्याने. एस्कीच्या वाक्याला कळलं, तू शिकारीला जात नाहीयेस, आणि मी उठून चौकीत गेलो.

भाषांतर शांतपणे केलं नाही. एका शब्दाला मी पंधरा मिनिटं अडलो होतो, आणि चौकीतली मुलगी वाट पाहत होती. तुला विचारून करता आलं असतं का? विचारलं असतं तर तू हसून टाळलं असतंस, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला असता, कारण मला तेच हवं होतं. मितालीला सांगितलं, कारण मी कधीतरी वॉलॉंगॉंगला परतणार होतो आणि तुझ्याजवळ कुणीतरी हवं होतं.

तुझ्या घरी जेवलो ते खोटं नव्हतं. पण लपवून जेवलो हे खरं आहे, आणि त्याची लाज वाटते. केल्याची वाटत नाही. पुन्हा तसं पत्र आलं तर पुन्हा तेच करीन. माफी मागत नाही, त्यामुळे तू देऊही नकोस.

जगून राग धर. तेवढंच मागणं आहे.
यतिन

---

गुंगालिन,
५ ऑक्टोबर २०२४

यतिनदादा,

ओवी महिनाभर बाळाला घेऊन येऊन राहिली. मिताली आली नाही, पण दर बुधवारी फोन करते. दोघांनाही काय बोलावं ते कळत नाही, तरी दहा मिनिटं जातात. दर आठवड्याला एका डॉक्टरीणबाईंकडे जातो. गेल्या सोमवारपासून काम मिळालंय, तीन महिन्यांचं. आता लायब्ररीत बसावं लागत नाही.

त्या रविवारी मी काय करणार होतो ते तुला कळलं होतं. तुझं वाचन बरोबर होतं. हे मी बाईंना सांगितलं आणि तुला सांगणं भाग आहे.

आणि मी तुला माफ केलेलं नाही. बाई म्हणतात, घाई नको. तू दाराकडे निघालास ते मला रोज दिसतं. तेव्हा तू माझा भाऊ होतास की पहारेकरी, ते अजून ठरत नाही. पूर्वीसारखं मोकळं पत्र मी तुला पुन्हा लिहीन असं वाटत नाही. ते गेलं. ते तू घालवलंस.

काल बाईंनी एक फॉर्म भरायला दिला. कधी पुन्हा तसं वाटलं तर सगळ्यांत आधी कुणाला कळवायचं, असा त्यात रकाना होता. ओवीचं लिहावं तर ती लेकुरवाळी. मितालीचं लिहायचा हक्क उरला नाही.

तुझं नाव लिहिलं. फोनऐवजी मेसेज करा, त्यांना ऐकू येत नाही, असंही खाली लिहिलं.

श्रीनाथ