बोडीवरची अर्धी हाक

धाबा, गोंदिया रोड
दि. १२ जानेवारी २०२५

प्रिय हिमांशू,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील आणि पुण्याच्या खोलीवर दोन वेळचं नीट जेवत असशील, असं धरून चालते. इकडे सारे ठीक. हेमेंद्र नागझिरा अभयारण्याच्या गेटवर ड्यूटीला आहेत. सध्या पर्यटकांची गर्दी, त्यामुळे नवरा घरी पाहुण्यासारखा येतो. सकाळी समोर उभा असलेला ट्रक दिसत नाही इतकं धुकं पडतं आहे. सोबत तिळाचे लाडू पाठवते. पाक कडक झाला, दात सांभाळ. आईच्या हातची सर नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

फोन सोडून ताई पत्र कायले लिहिते, असं मनात आलं असेल. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की बाबा बाजूला येऊन बसतात. तुझं नाव काढत नाहीत. नुसते बसतात आणि कांदे सोलतात. त्यांच्यासमोर बोलता येत नाही असं बरंच साचलं आहे.

आधी चांगली बातमी. नागपूरच्या एका संस्थेने आपल्या धाब्याला पाटी दिली, ‘पर्यावरणस्नेही भोजनालय’. हसू नको. आपल्याच धाब्याला, जिथे सुट्टीत थर्माकोलच्या ताटल्या पुसून पुसून तू वैतागायचास. आता थर्माकोल नाही, प्लास्टिकचे ग्लास नाहीत, पाण्याच्या बाटल्या नाहीत. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, पाणी माठातलं. खरकटं गोबरगॅसमध्ये जातं आणि त्याच गॅसवर डाळ शिजते. भांडी राखेने आणि रिठ्याच्या पाण्याने घासतो. मोरीचं पाणी पूर्वीसारखं थेट मागच्या बोडीच्या तळ्यात जात नाही. धाब्यामागे उतरते खड्डे खणले आहेत, त्यांत गिट्टी, रेती, कोळसा, आणि वर केळी, कर्दळी. शेवटच्या खड्ड्यातून झिरपणारं पाणी बाबा ओंजळीत घेऊन नाकाशी नेतात. वास आला, तर त्या दिवशी स्वयंपाकघराची खैर नाही.

पाटी द्यायला एक मॅडम आल्या, सोबत फोटो काढणारा. बाबांना खुर्चीवर बसवलं. मॅडमनी विचारलं, “चाचाजी, ये सब करने का आइडिया किसका था?”

बाबा म्हणाले, “घरवाली का.”

मॅडम खूश. “अरे वा! उनको भी बुलाइए ना, फोटो में लेंगे.”

बाबांनी बोडीकडे बोट केलं. “अभी आई नहीं. आएगी.”

आणि ती बिचारी बोडीच्या बांधाकडे, पाळीकडे बघत उभी राहिली, कोणी बाई डोक्यावर भारा घेऊन येताना दिसेल म्हणून. फोटोवाल्याने कॅमेरासुद्धा तिकडे वळवला. मी तंदूरपाशी होते. आतली रोटी जळून कोळसा झाली तरी मला हात घालता येईना.

का, ते सांगते. पण आधीपासून सुरुवात करू दे. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. लिहिलं की माझ्याच डोक्यातला गुंता जरा सैल होतो.

आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिच्या खाटेच्या जागी आपण पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. आपल्याकडे घालतातच, गेलेला जीव कोणत्या रूपाने परत येणार ते बघायला. सकाळी टोपली बाबांनी उचलली. पिठात तीन रेघा होत्या, पक्ष्याच्या बोटांसारख्या. तू म्हणालास, कोंबडी असेल. आता टोपली उचलून आत शिरणारी आणि जाताना परत पालथी घालणारी कोंबडी मी तरी पाहिली नाही. पण त्या रेघा कशाच्या, हे मलाही तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

त्याच आठवड्यात बोडीवर सारसांची जोडी उतरली. बाबा पाळीवरून धावत आले. “रेनू, तुझी आई आली!” मी जाऊन पाहिलं. नर उंच, मादी जराशी ठेंगणी, डोकं आणि मान लालभडक. बाबा म्हणाले, “कुंकू पाह्य तिचं.”

त्यानंतरचं सारं आईसाठी झालं. साबणाच्या पावडरचा डबा बाबांनी रस्त्यावर भिरकावला. “तुझी आई त्या पान्यात पाय ठेवते, अन् तू त्यात हे सोडून राहिली?” छतावरचा भोंगा उतरवला, आईला गोंगाट सोसत नाही. बोडीवर पडणारा मोठा दिवा काढला. धानावरची फवारणी बंद केली. गावाने खूप टिंगल केली. मग नागझिऱ्याला जाणारे लोक पत्रावळीवर जेवायचं म्हणून मुद्दाम थांबायला लागले आणि गाव गप्प झालं. मॅडमच्या पुस्तकात ज्याला पर्यावरण म्हणतात, ते आपल्या घरी आईचं माहेरपण होतं.

तू बोडीचा कोपरा मुरूम टाकून बुजवायचा आणि तिथे लग्नाचं लॉन करायचं म्हणालास. त्यात जगावेगळं काही नव्हतं. रस्त्याला लागून ज्याची जागा आहे तो लॉनच करतो. पण बाबा म्हणाले, “मायच्या अंगावर मुरूम टाकतो काय बे?” आणि तू म्हणालास, “आई मेली बाबा. मेली. ती पक्षी नाही, काही नाही.” दुसऱ्या दिवशी तू पुण्याची गाडी धरलीस. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मध्ये मी.

तुझं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. पण एक सांगू? फोडणी करपली की आई कशी मान वाकडी करून चुलीकडे बघायची, आठवतं? काही बोलायची नाही, नुसतं बघायची. ती मादी बोडीतून तशीच बघायची. मी फोडणी जपून करायला लागले. तू इथे असतास तर मीही तुझ्यासोबत हसले असते. एकटी असले की हसू येत नाही, हिमांशू. पाठ बोडीकडे करून भाजी चिरायला मला आजही धजवत नाही.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते लिहिते. ती मादी मेली.

पलीकडच्या शेतावरून विजेची तार जाते, मॅडम यायच्या आधीच तिला धुक्यात धडकली. शेजारचा मनिराम सकाळी सांगायला आला. नशीब की माझ्याकडे आला. बाबा दळण आणायला गेले होते. मी त्याच्यासोबत गेले. एक पंख उघडा पडला होता, त्यावर दंव होतं. डोक्याचा लाल रंग तसाच होता. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, तिला पोत्यात घातलं. पाय मावले नाहीत. गाडी वळेपर्यंत ते लांब पाय मला बाहेर लटकलेले दिसत होते. मनिरामला मी आईची शपथ घातली, बाबांना कळू द्यायचं नाही. कोणाच्या आईची, ते त्यानेही विचारलं नाही.

आता नर एकटाच उतरतो. त्यांची हाक तू ऐकली आहेस. तो एक लांब हाक देतो आणि ती लगेच दोन छोट्या हाका त्याला जोडते, दोघांची मिळून एक होते. आता अर्धीच येते. मग तो थांबतो. तो थांबला की धाब्यावर जेवणारे परके लोकसुद्धा घास हातात धरून मान वर करतात. का केली, ते त्यांनाही कळत नाही.

बाबा रोज तिन्हीसांजेला पत्रावळीवर भात घेऊन पाळीवर जातात. ती दिसल्याशिवाय ते जेवत नसत. आता ती दिसत नाही आणि ते दोन घास चिवडून उठतात. सदरा अंगावर नाही, खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. काल मला म्हणाले, “रुसली ते. पोरगा गेला म्हनून रुसली. हिमांशूले लिव. तो आला का येईन ते.”

म्हणून हे पत्र. आता तूच सांग, मी काय लिहू? तू आलास आणि ती आली नाही, तर बाबांना वाटेल, आईने तुला कायमचं टाकलं. तू नाही आलास, तर ते असेच पाळीवर बसून सुकतील. आणि ती मेली हे बाबांना सांगायचं, म्हणजे आईला त्यांच्या देखत दुसऱ्यांदा मारायचं. पहिल्या वेळी त्यांना धरायला आपण दोघं होतो. माझ्या एकटीने ते होणार नाही. मला भीती वाटते, त्या बातमीसरशी ते उठणारच नाहीत.

दि. १४, संक्रांत

पाकीट चिकटवलं नव्हतं, बरं झालं.

आज सणामुळे गिऱ्हाईक बेताचं होतं. दिवस मावळताना नराची हाक आली. वाढता वाढता माझा हात थांबला, रोज थांबतो तसा.

आणि उत्तर आलं. दोन छोट्या हाका.

द्रोण हातातून सुटला, वरण पायावर सांडलं, भाजल्याचं कळलंसुद्धा नाही. पोत्याबाहेरचे पाय मी या डोळ्यांनी पाहिले होते. पुन्हा नराची हाक आली. पुन्हा उत्तर. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, तुझ्यापासून काय लपवू, मला आनंद झाला. तुला फोन करून सांगावं असं वाटलं की तू चुकलास, आई आली. मी तशीच केळींमधून मागे पळाले.

पाळीवर बाबा होते. उकिडवे बसलेले, दोन्ही हात तोंडाशी धरलेले. नराने हाक दिली की ते उत्तर देत होते. नर पाण्यात उभा होता, त्यांच्याकडे तोंड करून.

मी म्हटलं, “बाबा, काय करून राहिले?”

“तो थांबते न. उत्तराची वाट पायते. कोनीतरी द्याले पायजे.”

“तुमाले माहीत होतं?”

“मनिरामले खोटं बोलता येते काय? पयल्याच दिवशी त्याचं तोंड पाहून समजलं. तू लपवून राहिली होती, म्हनून मीबी गप्प राह्यलो. तुले वाटलं असतं, आता हा बुढा मरते.”

मी खाली बसले आणि रडले. ते म्हणाले, “कायले रडून राहिली? तिच्यासाठी रडलो न आपन एकडाव.” मग सदऱ्याच्या बाहीने माझ्या पायावरचं वरण पुसलं. भाजलेलं पाहून चुकचुकले, अगदी लहानपणी करायचे तसे.

मी विचारलं, “मंग ती रुसली, हिमांशूले बोलाव, हे कायले सांगितलं मले?”

बोडीवर अंधार उतरायला लागला होता. बाबा म्हणाले, “ते मी उगाच म्हटलं. तिचं नाव घेतलं तर येईन, असं वाटलं. माझ्या नावानं कायले येईन तो?”

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. धाब्याच्या दारापाशी पोचल्यावर थांबले. “पत्र गेलं काय?”

“नाही अजून.”

“मंग आईचं नाव काढून टाक त्यातून. लिव, बापानं बोलावलं.”

मागची पानं फाडणार होते, फाडली नाहीत. तुला सारंच कळलेलं बरं. पण बाबांचा निरोप तेवढाच आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. हिमांशू, त्यांनी कोणाला बोलावलेलं मी जन्मात ऐकलं नाही. आई एकदा भांडून माहेरी जाऊन बसली होती, तेव्हाही स्वतः गेले नाहीत, काकांना पाठवलं.

तू मानतोस तेच मान. ती आई नव्हती असं म्हण, पाळीवर त्यांच्या शेजारी बसून म्हण. ते आता भांडणार नाहीत. फक्त लवकर निघ. त्यांच्या छातीत थंडी भरली आहे, खोकला थांबत नाही. आज पाळीवरून उठण्याआधी, शेवटच्या हाकेला त्यांनी हात तोंडाशी नेले, पण आवाजच फुटला नाही. नर मान वर करून उभाच राहिला. मग उत्तर मी दिलं. मला ते नीट जमत नाही, आणि त्याला ते कळतं.

बाबांच्या सांगण्यावरून, आणि माझ्याही,

तुझी ताई
रेणू