अर्ध्या सोललेल्या लिंबाचं लोणचं

हायडेलबर्ग, रविवार

ती. नीताताईस धाकट्या मालिनीचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही, थंडीने कंबर धरली आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? मी मजेत आहे. ईप्सिता गेले दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय, तेवढं सोडलं तर सगळं छान.

त्याचं असं झालं. आपली सून इथे चित्रकलेच्या वर्गात जुनी डच पद्धत शिकते. म्हणजे घरी टेबलावर खाणं मांडायचं आणि खायचं नाही, नुसतं रंगवायचं. पाव, चीज, द्राक्षं, आडवा पडलेला ग्लास आणि सोलता सोलता मध्येच सोडून दिलेलं लिंबू, साल टेबलाच्या कडेवरून लोंबतंय. (आपल्या आईने धपाटाच घातला असता.) आधी सगळं चित्र तपकिरी रंगात काढायचं, मग पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा. असे तीन आठवडे! मी म्हटलं, अगं, लिंबू सुकतंय. तर म्हणते, "अहो आई, तोच तर अर्थ आहे. दिसायला सुंदर, आतून आंबट, आणि शेवटी सगळंच नाशिवंत."

मला ते लागलं गं. जिने चाळीस वर्षं घरात एक फोड वाया जाऊ दिली नाही, तिला हे ऐकवायचं? (तूही दरवर्षी म्हणतेस, मालिनीचं लोणचं टिकत नाही.) ती वर्गाला गेली आणि मी ते लिंबू चिरलं. एकट्याचं काय होणार, म्हणून फ्रिजमधली सहा घातली, काचेची बरणी भरली, ग्लास विसळून उभा केला. दगड झालेल्या पावाला पाण्याचा हात लावून फोडणी दिली. हृषिकेशने दोनदा मागून खाल्ला, आईच्या हातचं म्हणून. मग ईप्सिता आली, टेबल पाहिलं आणि रडायलाच लागली. प्रदर्शन जवळ आलेलं, आणि नेमकं लिंबूच रंगवायचं राहिलं होतं. दुकानातून लिंबं आणून सोलायला बसले. अकरा सोलली, साल दर वेळी तुटलं. (इथले चाकू बोथट.) शेवटी तिने डोळे पुसले, लिंबाच्या जागी माझी बरणी मांडली आणि रंगवायला घेतली. मनातून मी सुखावले. बाकीचं असेल नाशिवंत, मालिनीचं लोणचं नव्हे.

तुझी,
मालिनी

ता. क. बरणीत बुरशी आली. हृषिकेशच्या बीपीपायी मीठ कमी घातलं होतं. मी गुपचूप फेकायला निघाले, तर ईप्सिता ओरडली, "अहो आई, हलवू नका!" आणि दहा दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बुरशीसुद्धा रंगवली तिने, इतकी हुबेहूब की माझी मलाच लाज वाटली.

ता. ता. क. चित्राला नाव दिलंय 'सासूबाईंचं लोणचं'. आता वर्गातले सगळे चव मागताहेत. तुझा निहार शुक्रवारी इकडे येतोय, त्याच्याबरोबर तुझ्या मुरलेल्या लोणच्याची एक बरणी पाठव. वरची तुझ्या नावाची चिठ्ठी तेवढी काढून टाक.