एफ-थ्री बटणावरील कुंकवाबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
वरदायिनी सहकारी जिनिंग संस्था,
समुद्रपूर, जि. वर्धा

दि. ३ डिसेंबर १९९८

विषय : खरेदीच्या पडद्यावरील एफ-थ्री बटण दुरुस्त करू देणे अथवा माझे नाव काढू देणेबाबत.
संदर्भ : मला मिळालेले 'कारणे दाखवा' ज्ञापन.

महोदय,

ज्ञापनात माझा प्रोग्राम सदोष ठरवला आहे. तो मी लिहिला, हे मान्य. त्यातला दोष आपल्या आदेशाने घातला, हे मात्र ज्ञापनात लिहायचे राहून गेले.

१) आपल्या संगणकात एफ-थ्री दाबले की पडद्यातून बाहेर पडता येते. सगळीकडे हीच रीत आहे. परंतु मुख्य लिपिक वासुदेवराव यांच्या हाताला जुन्या प्रोग्रामची सवय, म्हणून खरेदीच्या पडद्यावर त्याच बटणाने नोंद पुसली जावी, असा आदेश झाला. पुसण्यापूर्वी 'खात्री आहे काय?' एवढे तरी विचारू द्या, अशी लेखी विनंती मी केली. संगणकाने अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत, असा शेरा आला.

२) परिणामी चहाला उठणारा प्रत्येक जण एफ-थ्री दाबू लागला आणि कोणाच्या तरी कापसाची नोंद जाऊ लागली. तोवर कापूस गंजीत मिसळलेला असतो, पुन्हा मोजता येत नाही. गेल्या आठवड्यात अशीच नोंद गेलेले शेतकरी किसनराव माझ्यासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. पडद्याच्या तळाशी प्रोग्रामर म्हणून येणारे माझे नाव तेवढे मोठ्याने वाचले. मला माझीच किळस आली.

३) उपाय म्हणून बटणावर लाल खूण करायचे ठरले. रंगाला मंजुरी नव्हती, म्हणून काटापूजनातले उरलेले कुंकू लावले. नोंदी आणखीच जाऊ लागल्या. ऑपरेटर तानबा यांना विचारले, तर म्हणाले, "ताई, कुंकू लावलं म्हंजे चांगलंच बटन असन ना? म्हून मी बसल्याबरोबर पयले तेच दाबतो." त्यांचे काय चुकले? त्यावर आपण बटणच उपटायला लावले. आता कुठल्याच पडद्यातून बाहेर पडता येत नाही, म्हणून संध्याकाळी मेन स्विच पाडतात आणि चालू नोंदी त्यासोबत जातात. या कारभाराची शिसारी येते. अर्जात असे लिहीत नाहीत, हे ठाऊक असूनही लिहीत आहे.

४) दुरुस्ती किरकोळ आहे, ती करू द्यावी. नसेल जमत, तर पडद्यावरचे माझे नाव काढण्याचा आदेश द्यावा. त्यासाठीही प्रोग्राम उघडावा लागेल आणि तो उघडता येणारी इथे मी एकटीच आहे. तेव्हा मला कामावरून कमी करण्याआधी हे उरकून घ्यावे. त्या जागी कोणाचे नाव घालायचे, तेही कळवावे. आदेश देणाऱ्याचे घालायला माझी हरकत नाही.

अद्याप आपली नम्र,
सरोजिनी न. देवळीकर
प्रोग्रामर